डेबियन १२ प्रीसीड: लॅबच्या पीसींवर युजर अकाउंटं आपोआप कशी बनवायची?

लॅब_कळंबा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कळंबा रोडला कॉलेजच्या दोन लॅब आहेत, मिळून ४२ पीसी. पीएक्सईवरून (नेटवर्कवरून बूट करून) डेबियन १२ लिनक्स बसवतो, प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) आतल्याच एका वेब सर्व्हरवर आहे. पार्टिशन, मिरर, ग्नोम डेस्कटॉप हे सगळं हात न लावता होतं. घोडं अडतंय ते अकाउंटांपाशी.

हवंय ते असं. रूटचं लॉगिन बंद. ‘लॅबॲडमिन’ला सुडो (रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या अकाउंटाचे, अधिकार वापरायची मुभा). ‘विद्यार्थी’ला सुडो नाही, पण पीसी चालू केला की थेट डेस्कटॉप यावा. ‘परीक्षा’ नावाचं अकाउंट प्रॅक्टिकलच्या दिवशीच उघडावं. सहा शिक्षकांची अकाउंटं, त्यांची होम (प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर) सर्व्हरवरून एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वाटून) येतात. शिवाय ‘स्टाफ’ नावाचं एक सामायिक अकाउंट.

लॅबॲडमिन प्रीसीडच्या ठरलेल्या ओळींतून बनतो, तिथे अडचण नाही. बाकीची लेट कमांडमध्ये (प्रीसीडमधली, इन्स्टॉलच्या शेवटी चालणारी ओळ) अशी लिहिली आहेत (कमांड उच्चाराप्रमाणे देतोय, फाइलीत अर्थातच रोमनमध्ये आहेत; ‘इन-टार्गेट’ म्हणजे नव्याने बसवलेल्या सिस्टीमच्या आत चालवा):

‘इन-टार्गेट यूजरॲड -पी लॅब@१२३ विद्यार्थी; इन-टार्गेट यूजरॲड -पी लॅब@१२३ स्टाफ;’ आणि पुढे शिक्षकांची अशीच.

होतंय काय: इन्स्टॉल कुठेही न थांबता पूर्ण होतं. विद्यार्थी लॉगिनच्या पडद्यावर दिसतो, पण पासवर्ड घेत नाही. स्टाफ बनतच नाही आणि एररही दिसत नाही. पहिल्या लॅबमधल्या एका सरांच्या फायली दुसऱ्या लॅबमध्ये भलत्याच मॅडमच्या नावावर दिसतात. आणि प्रीसीड फाइल लॅबमधल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते, पासवर्ड सरळ वाचता येतो. यातलं किती प्रीसीडमध्येच सुटेल?

शिरोली_रूट

चारही दुखणी वेगवेगळी आहेत, एकेक घेऊ.

विद्यार्थ्याचा पासवर्ड: यूजरॲडच्या ‘-पी’ला साधा पासवर्ड चालत नाही, हॅश (पासवर्डवरून काढलेली, उलटी न फिरवता येणारी ओळ) लागतो. तुम्ही दिलं ते जसंच्या तसं /ईटीसी/शॅडोच्या (पासवर्डांच्या फाइलीच्या) दुसऱ्या रकान्यात जाऊन बसलं. लॉगिनच्या वेळी सिस्टीम टाइप केलेल्या पासवर्डचा हॅश काढून त्या रकान्याशी ताडते. तिथे हॅशच नाही, मग जुळणार कशाशी? बसवलेल्या एका पीसीवर ‘सुडो गेटएंट शॅडो विद्यार्थी’ करा, पासवर्ड उघडा पडलेला दिसेल. तिथली नोंद ‘$६$’ने (एसएचए-५१२) किंवा ‘$वाय$’ने (येसक्रिप्ट, डेबियन ११ पासूनचा डीफॉल्ट) सुरू व्हायला हवी.

हॅश काढायला ‘ओपनएसएसएल पासवड -६’ किंवा ‘एमकेपासवड -एम एसएचए-५१२’. दुसरी कमांड ‘हूइज’ पॅकेजमध्ये येते, म्हणून नावाने शोधणाऱ्यांना ती लवकर सापडत नाही. पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहू नका, विचारल्यावर टाइप करा. नाहीतर तो बॅशच्या हिस्टरीत राहतो.

हॅश आला की पुढचा खड्डा अवतरण चिन्हांचा. हॅशमध्ये डॉलर असतात. दुहेरी अवतरणात ठेवलात तर शेल त्यांना व्हेरिएबल समजून गिळून टाकतं, आणि शॅडोमध्ये अर्धवट चिंधी उरते. एकेरी अवतरणच वापरा.

पासवर्ड नीट झाला तरी विद्यार्थी ग्नोममध्ये शिरणार नाही, हे आत्ताच सांगतो. डेबियनवर यूजरॲड ‘-एम’ दिल्याशिवाय होम बनवत नाही. पासवर्ड दिला की पडदा क्षणभर काळा होतो आणि परत लॉगिनवर येतो. शेलही न सांगितल्यास /बिन/एसएच मिळतं. म्हणून ‘-एम -एस /बिन/बॅश’ दोन्ही द्या.

स्टाफ: डेबियनमध्ये ‘स्टाफ’ नावाचा गट आधीपासून आहे, जीआयडी (गटाचा आकडा) ५०. यूजरॲड नव्या युजरसोबत त्याच नावाचा गट बनवायला जातं, गट सापडतो, आणि ते नकार देऊन बाहेर पडतं. ‘-जी स्टाफ’ देऊन तो नकार टाळता येतो, पण तसं करू नका. तो गट /यूएसआर/लोकल खाली रूटशिवाय लिहिता यावं म्हणूनच ठेवलेला आहे, सामायिक अकाउंटाला तो अधिकार कशाला? नाव बदला, ‘शिक्षककक्ष’ वगैरे काहीही. ‘ऑपरेटर’, ‘गेम्स’, ‘बॅकअप’, ‘मेल’, ‘युजर्स’ ही नावंही अशीच आधीच घेतलेली आहेत.

एरर दिसली नाही, कारण तुम्ही कमांड अर्धविरामाने जोडल्या आहेत. मधली पडली तरी पुढची चालते, आणि इन्स्टॉलर फक्त शेवटचीचा निकाल बघतो. दुहेरी अँपरसँडने जोडा. मग कुठलीही पडली की इन्स्टॉलर लाल पडदा दाखवून थांबेल. ४२ पीसी बसवताना थांबलेला पीसी परवडतो, अर्धवट बसलेला परवडत नाही. पडलं कशामुळे ते बघायला ऑल्ट-एफ४ वर सिसलॉग (सिस्टीमच्या नोंदी) दिसतो (ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर कंट्रोलही धरा), आणि इन्स्टॉल झाल्यानंतर तोच /वार/लॉग/इन्स्टॉलर/सिसलॉगमध्ये सापडतो.

फायलींचे मालक: नेहमीच्या एनएफएसमध्ये मालकी आकड्याने ठरते. सर्व्हरला १००३ एवढंच कळतं, १००३ म्हणजे कोण हे प्रत्येक पीसी आपापल्या यादीतून सांगतो. आकडा न दिल्यास यूजरॲड पुढचा रिकामा आकडा उचलतं. दोन लॅबच्या फायलींत शिक्षकांच्या ओळींचा क्रम वेगळा असणार, दुसरं काही नाही. प्रत्येकाला ठरवून आकडा द्या. डेबियनमध्ये माणसांसाठी १००० ते ५९९९९ आहेत, पण १००० वर प्रीसीडचा पहिला युजर बसतो आणि पुढचे आकडे उद्या कुणी हाताने अकाउंट बनवलं तर जातील. शिक्षकांना २००१ पासून द्या. आधी ‘ग्रुपॲड -जी २००१’, मग ‘यूजरॲड -यू २००१ -जी २००१’, म्हणजे गटाचा आकडाही पक्का. यांच्यासाठी होम बनवायचं नाही, तेव्हा कॅपिटल ‘-एम’ (होम नको). नाहीतर माउंटच्या खाली एक रिकामं लोकल होम दडून बसतं, आणि सर्व्हर बंद असेल त्या दिवशी सरांना ‘माझ्या सगळ्या फायली गेल्या’ असं वाटतं.

बसलेल्या पीसींवर ‘यूजरमॉड -यू’ने आकडा बदलता येईल, पुन्हा इन्स्टॉल नको. मात्र त्याआधी एनएफएस माउंट काढा. यूजरमॉड होममधल्या जुन्या आकड्याच्या फायलींचा मालक बदलत सुटतं, ते सर्व्हरवर व्हायला नको.

उघडा पासवर्ड: लॅबॲडमिनसाठी ‘पासवड/यूजर-पासवर्ड’ आणि ‘-अगेन’ या दोन ओळी काढून एकच ‘पासवड/यूजर-पासवर्ड-क्रिप्टेड’ लिहा, पुढे प्रकार ‘पासवर्ड’ आणि मग हॅश. प्रकार आणि हॅश यांच्यात फक्त एकच स्पेस. दुसरी स्पेस दिलीत तर प्रीसीड ती उत्तराचाच भाग मानतं. हॅशच्या आधी स्पेस शिरली की पासवर्ड कधीच जुळणार नाही आणि फाइलीत बघून चूक दिसणारही नाही. रूटसाठी ‘पासवड/रूट-लॉगिन’ला ‘फॉल्स’ द्या. मग इन्स्टॉलर रूटला कुलूप घालतो, सुडो बसवतो आणि पहिल्या युजरला सुडो गटात टाकतो. हे ‘ट्रू’ राहिलं तर लॅबॲडमिन सुडोविना बनतो.

फाइल सर्व्हरवर ठेवण्याआधी ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स -सी’ने तपासा. ओळींची मांडणी चुकली असेल तर तिथेच कळतं.

रंकाळा_पिंग

शिरोलीकरांनी कारणं बरोबर धरली आहेत. माझं म्हणणं थोडं वेगळं: इन्स्टॉलरकडून एकच अकाउंट बनवून घ्यावं, बाकी सगळी नंतर.

प्रीसीड मुळात एकच युजर ओळखतं. दुसऱ्या युजरसाठी त्यात जागा नाही, म्हणून सगळे लेट कमांडकडे वळतात. ती पीसीच्या आयुष्यात एकदाच चालते. जूनमध्ये नवे सर आले, कुणाची बदली झाली, पासवर्ड फुटला, की ४२ ठिकाणी हाताने फिरणं आलं. त्यापेक्षा इन्स्टॉलरने फक्त लॅबॲडमिन बनवावा, त्याच्या होममध्ये एसएसएचची (नेटवर्कवरून लॉगिन करायची) पब्लिक की ठेवावी, आणि बाकीची अकाउंटं ॲन्सिबलने (एका जागेवरून अनेक पीसी सांभाळणारं साधन) सर्व्हरवरून बनवावीत. नंतर फाइल बदलली की तीच कमांड पुन्हा चालवायची.

की ठेवताना हमखास होणारी गडबड: लेट कमांड रूट म्हणून चालते, त्यामुळे .एसएसएच फोल्डर आणि आतली ऑथराइज्ड-कीज फाइल रूटच्या नावावर बनते. वर ६०० परवानगी दिली की एसएसएच सर्व्हरला ती लॅबॲडमिन म्हणून वाचता येत नाही, आणि तो मुकाट पासवर्ड मागू लागतो. ‘इन्स्टॉल -डी -ओ लॅबॲडमिन -जी लॅबॲडमिन -एम ७००’ने फोल्डर बनवा, फाइलही ‘इन्स्टॉल’नेच ६०० वर ठेवा, मालक एका फटक्यात बरोबर होतो. लेट कमांड चालते तेव्हा पहिला युजर डिस्कवर बनलेला असतो, त्यामुळे हे तिथे करता येतं.

ॲन्सिबलला पासवर्ड न विचारता सुडो लागेल, त्याची ओळ /ईटीसी/सुडोअर्स.डी मध्ये. त्या फाइलीच्या नावात टिंब नको. ‘लॅब.कॉन्फ’ असं नाव दिलंत तर सुडो ती फाइल वाचतच नाही आणि तक्रारही करत नाही. नुसतं ‘लॅब’ ठेवा, परवानगी ०४४०, आणि लेट कमांडमध्येच ‘विसुडो -सीएफ’ने तपासून घ्या. रूटला कुलूप आहे हे ध्यानात ठेवा. सुडोअर्सची फाइल बिघडली तर आत जायला दुसरा दरवाजा नाही.

ॲन्सिबलच्या ‘यूजर’ मॉड्यूललाही हॅशच लागतो. ‘अपडेट-पासवर्ड’ला ‘ऑन-क्रिएट’ द्या, नाहीतर सरांनी बदललेला पासवर्ड प्रत्येक फेरीत जुन्यावर जाईल.

हॅश उघडा असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हेही सांगायला हवं. प्रीसीड फाइल ज्याला मिळाली तो हॅश घरी नेऊन शब्दांच्या याद्या त्याच्यावर चालवू शकतो. ‘लॅब@१२३’ काही मिनिटंही टिकणार नाही. लॅबॲडमिनचा पासवर्ड लांब ठेवा, आणि इन्स्टॉल नसेल तेव्हा वेब सर्व्हरवरून ती फाइल काढूनच ठेवा. पीएक्सई मेन्यूच्या ॲपेंड ओळीत पासवर्ड कधीच नको, टीएफटीपीवरून (पीएक्सई ज्यावरून फायली आणतं त्यावरून) तो मेन्यू कुणालाही उतरवता येतो. लेट कमांडचा मजकूरही इन्स्टॉलरच्या डेबकॉन्फ डेटाबेससोबत /वार/लॉग/इन्स्टॉलर खाली पीसीवर राहतो. फक्त रूटला वाचता येतो, पण राहतो.

राजारामपुरी_रिपेअर

ॲन्सिबल चांगलंच आहे ओ, पण लॅब असिस्टंटला ते शिकवणार कोण? ४२ पीसी, आठ-नऊ अकाउंटं, वर्षातून एकदा बदल. एवढ्यासाठी एक शेल स्क्रिप्ट पुरते.

लेट कमांडमध्ये लांबलचक ओळी कोंबू नका. उलट्या तिरक्या रेघेने ओळ पुढे नेताना एखादी रेघ सुटते, अवतरणात अवतरण अडकतं, आणि चूक शोधताना रात्र जाते. लेट कमांडने तीनच कामं करावीत: डब्ल्यूगेटने ‘अकाउंट.एसएच’ /टार्गेट/रूट मध्ये उतरवणं, ‘इन-टार्गेट एसएच /रूट/अकाउंट.एसएच’ चालवणं, आणि फाइल पुसणं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘सेट -ई’, म्हणजे कुठलीही कमांड पडली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. तीच स्क्रिप्ट एका रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर आधी चालवून बघता येते, हा मोठा फायदा. प्रत्येक युजरच्या आधी ‘गेटएंट पासवड’ने तो आहे का ते विचारा. मग नंतर तीच स्क्रिप्ट जुन्या पीसीवर पुन्हा चालवली तरी ती अडत नाही, आणि रंकाळ्याची निम्मी तक्रार मिटते.

फाइलीत लेट कमांड एकदाच लिहायची. वॉलपेपरसाठी एक, अकाउंटसाठी एक अशा दोन लिहिल्या तर शेवटची राहते, पहिली गायब.

पासवर्ड ‘सीएचपासवड -ई’ला पाइपने द्यायचा असेल तर तोही याच स्क्रिप्टमध्ये. बाहेरून ‘इन-टार्गेट’मध्ये पाइप करायला गेलात तर आतल्या कमांडपर्यंत तो नीट पोचेल याचा भरवसा नाही.

विद्यार्थ्याचं होम कसं दिसावं हे /ईटीसी/स्केलवरून (नव्या होममध्ये कॉपी होणाऱ्या फायलींचं फोल्डर) ठरतं. स्क्रिप्टमध्ये आधी स्केल भरा, मग विद्यार्थी बनवा. लॅबॲडमिन त्याआधीच बनलेला असतो, त्याला नवं स्केल मिळत नाही. त्याला त्याची गरजही नाही.

थेट डेस्कटॉपसाठी /ईटीसी/जीडीएम३/डीमन.कॉन्फ, त्यात डीमन विभागाखाली ‘ऑटोमॅटिक-लॉगिन-एनेबल’ ट्रू आणि ‘ऑटोमॅटिक-लॉगिन’ विद्यार्थी (मधल्या रेघा माझ्या, फाइलीत एकच जोडशब्द आहे). पासवर्ड न देता लॉगिन झालं की ग्नोमची कीरिंग (साठवलेल्या पासवर्डांची पेटी) बंदच राहते, मग क्रोमियम उघडताच ‘कीरिंगचा पासवर्ड द्या’ म्हणून खिडकी येते. पोरं ती बघून गांगरतात. फायरफॉक्स कीरिंगच्या वाटेला जात नाही, लॅबसाठी तोच ठेवा.

आणि एक, अकाउंटशी थेट नाही पण पावसाळ्यात आपल्याकडे फार होतं. वीज गेली, आली, पीसी चालू झाला, आणि बायोसमध्ये नेटवर्क बूट पहिला असेल तर पीसी गुमान पुन्हा इन्स्टॉलला लागतो. डिस्क साफ, लोकल होम साफ. पीएक्सई मेन्यूचा डीफॉल्ट ‘लोकल डिस्कवरून सुरू करा’ हाच ठेवा.

लॅब_कळंबा

आभार, लई मोठं काम झालं. नाव बदललं, आकडे ठरवले, स्क्रिप्टमध्ये हलवलं, विद्यार्थी आणि शिक्षक दोन्ही लॅबमध्ये नीट चालतायत. तीन गोष्टी राहिल्या.

एक, लॅबॲडमिन लॉगिनच्या यादीत दिसतो, पोरं त्यावर क्लिक करून अंदाज मारत बसतात. दोन, एका पीसीची डिस्क तपासणी अडली तेव्हा पडद्यावर ‘रूट अकाउंट लॉक आहे, कन्सोल उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला आणि पुढे काहीच करता येईना. तीन, परीक्षेचं अकाउंट ‘यूजरमॉड -एल’ने बंद ठेवणं पुरेसं आहे का?

शिवाय बाजूच्या विभागात उबुंटू सर्व्हर आणि काही विंडोज पीसी आहेत, तिथेही हीच स्क्रिप्ट चालेल का असं विचारतायत.

शिरोली_रूट

यादीतून लपवायला दोन वाटा. १००० च्या खालचा यूआयडी (युजरचा आकडा) असलेलं अकाउंट जीडीएम (लॉगिनचा पडदा) दाखवत नाही, आणि ‘पासवड/यूजर-यूआयडी’ने प्रीसीडमध्येच तो देता येतो. पण १०० ते ९९९ हा पट्टा पॅकेजं आपल्या सेवांसाठी वापरतात, तिथे माणूस बसवणं मला पटत नाही. त्यापेक्षा /वार/लिब/अकाउंट्स-सर्व्हिस/यूजर्स खाली लॅबॲडमिन नावाची फाइल ठेवा, ‘यूजर’ विभागात ‘सिस्टीम-अकाउंट’ ट्रू (इथेही फाइलीत जोडशब्द). यादीतून नाव जातं, ‘यादीत नाही’वर क्लिक करून लॉगिन चालू राहतं.

दुसरं. बूट अडलं की येणाऱ्या इमर्जन्सी मोडमध्ये सिस्टीम रूटचा पासवर्ड मागते, रूटला कुलूप, मग पुढे रस्ता बंद. इमर्जन्सी.सर्व्हिस आणि रेस्क्यू.सर्व्हिस दोन्हींसाठी एकेक ड्रॉप-इन (मूळ फाइलीत भर घालणारी) फाइल ठेवायची, सर्व्हिस विभागात एन्व्हायर्नमेंट म्हणून ‘सिस्टमडी_सुलॉगिन_फोर्स’ ला १. आधी ‘सिस्टमसीटीएल कॅट इमर्जन्सी.सर्व्हिस’ करून ती ओळ तिथे आहे का ते बघा, नसेल तरच घाला. याचा अर्थ असा की कीबोर्डपाशी बसलेल्याला त्या मोडमध्ये पासवर्डविना रूट मिळतो. ग्रबला (बूटच्या मेन्यूला) पासवर्ड नसेल तर बूटची ओळ बदलून तो तसाही मिळतोच, म्हणून ग्रबचा पासवर्ड आणि बायोसचा पासवर्ड दोन्ही लावा आणि मग निर्धास्तपणे हे करा.

परीक्षेसाठी ‘-एल’ कमी पडतं. ते फक्त पासवर्डच्या हॅशपुढे उद्गारचिन्ह लावतं. एसएसएचची की असेल, किंवा ऑटो लॉगिन असेल, तर दरवाजा उघडाच. अकाउंटाची मुदत संपवा: ‘चेज -ई (कॅपिटल) १ परीक्षा’. १ म्हणजे २ जानेवारी १९७०, कधीच उलटून गेलेली तारीख. ० देऊ नका. शून्याचा अर्थ ‘मुदत नाही’ असाही घेतला जाऊ शकतो, हे शॅडोच्या मॅन पेजमध्येच लिहिलं आहे. प्रॅक्टिकलच्या सकाळी ‘चेज -ई -१ परीक्षा’ (पुन्हा कॅपिटल ई), संध्याकाळी परत १. मुदत संपली तरी आधीपासून चालू असलेलं सेशन तुटत नाही, म्हणून बंद करताना ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर परीक्षा’ही चालवा. स्क्रिप्टमध्ये अकाउंट बनवतानाच यूजरॲडला ‘-ई १९७०-०१-०२’ (इथे लहान ई) दिलंत की ते जन्मतःच बंद असतं.

त्या दिवशी ऑटो लॉगिनही बंद करावं लागेल, नाहीतर पीसी सुरू होताच विद्यार्थी उघडतो आणि जुन्या फायली समोर येतात.

रंकाळा_पिंग

उबुंटू सर्व्हरवर स्क्रिप्ट तशीच नेऊ नका. तिथे प्रीसीड नाही, ऑटोइन्स्टॉलची यॅमल फाइल आहे, २०.०४ पासून. ‘आयडेंटिटी’ विभागात दिलेला युजर इन्स्टॉलच्या वेळी बनत नाही. त्याची माहिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, आणि पहिल्या बूटला क्लाउड-इनिट (पहिल्या बूटची मांडणी करणारं साधन) त्याला बनवतं. त्यामुळे लेट-कमांड्समध्ये त्या युजरला यूजरमॉड केलं की ‘असा युजर नाही’ हेच उत्तर येणार. त्याच्यासंबंधीचं काम ‘यूजर-डेटा’मध्ये टाका. यूजर-डेटा दिला तर आयडेंटिटी विभाग वगळताही येतो, पण मग लॉगिन होईल असा एखादा युजर त्यात आहे हे बघणं तुमच्याकडे.

त्यात ‘यूजर्स’ यादीतल्या प्रत्येकाला ‘लॉक-पासवड: फॉल्स’ स्पष्ट लिहा. न लिहिल्यास डीफॉल्ट ट्रू, म्हणजे हॅश अगदी बरोबर असूनही पासवर्डने लॉगिन नाही. यावर लोक हॅश पुन्हा पुन्हा काढत बसतात. ‘सीएचपासवड’ विभागातून पासवर्ड दिलात तर तिथे ‘एक्स्पायर’ आपोआप ट्रू असतं, पहिल्या लॉगिनला बदल मागतं. माणसांसाठी बरं, पण ॲन्सिबल वापरत असलेल्या अकाउंटासाठी नाही: की बरोबर असली तरी ‘पासवर्ड बदला’ म्हणून एसएसएच अडवतं, आणि समोर टर्मिनल नसल्याने काम तिथेच संपतं. डेबियनवर ‘चेज -डी ०’ करणाऱ्यांनाही हेच लागू.

रेड हॅटच्या घराण्यातलं काही असेल तर किकस्टार्ट (तिकडचं प्रीसीड) या बाबतीत सगळ्यांत सरळ. ‘यूजर’ची ओळ हवी तितक्या वेळा लिहिता येते, ‘--यूआयडी’, ‘--ग्रुप्स=व्हील’, ‘--इजक्रिप्टेड’ सगळं तिथेच, आणि रूटसाठी ‘रूटपीडब्ल्यू --लॉक’.

राजारामपुरी_रिपेअर

विंडोजचं मी सांगतो, थोडक्यात. ऑटोअनअटेंड.एक्सएमएलमध्ये ‘ओओबीई-सिस्टीम’ टप्प्यात ‘यूजर-अकाउंट्स’खाली ‘लोकल-अकाउंट्स’. एकापेक्षा जास्त चालतात, गट ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ किंवा ‘युजर्स’. नाव २० अक्षरांच्या आत.

‘प्लेन-टेक्स्ट’ फॉल्स केलं की जी अगम्य ओळ दिसते तिला हॅश समजू नका. पासवर्डला शेवटी ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द चिकटवून केलेलं ते नुसतं बेस६४ आहे, कुणीही उलटं करू शकतं. सेटअप झाल्यावर विंडोज\पँथर मधल्या प्रतीतून पासवर्ड काढून टाकला जातो, पण पेनड्राइव्हवरची मूळ फाइल आणि शेअर फोल्डरमधली प्रत तशीच राहते. पेनड्राइव्ह कुठे पडलाय ते बघा आधी!

लॅब_कळंबा

मुदतीची युक्ती चालली, लॅबॲडमिनही यादीतून गेला. शेवटचं एक: इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना आर्डुइनोचा पोर्ट उघडताना ‘परमिशन डिनाइड’ येतंय, विद्यार्थी अकाउंटवरून. लॅबॲडमिनवरूनही.

शिरोली_रूट

यूएसबी सीरियल पोर्ट ‘डायलआउट’ गटाच्या मालकीचा असतो. इकडे एमआयडीसीत वजनकाट्याला जोडलेल्या पीसींवर रोजचं आहे हे. स्क्रिप्टमध्ये विद्यार्थ्याच्या यूजरॲडला कॅपिटल ‘-जी डायलआउट’ जोडा. बसलेल्या पीसींवर ‘यूजरमॉड -एजी डायलआउट विद्यार्थी’ (ए लहान, जी कॅपिटल), मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन, चालू सेशनला नवा गट मिळत नाही.

लॅबॲडमिनसाठी प्रीसीडमधल्या ‘पासवड/यूजर-डीफॉल्ट-ग्रुप्स’मध्ये डायलआउट लिहायचा मोह होईल. तिथे लिहिलेली यादी मूळ यादीच्या जागी बसते, तिच्यात भर पडत नाही. म्हणजे ऑडिओ, व्हिडिओ, प्लगडेव्ह, नेटडेव्ह हेही स्वतःच लिहावे लागतात. स्क्रिप्टमधून यूजरमॉडने करणं सोपं. आणि तिथे तो लहान ‘ए’ सुटू देऊ नका. त्याच्याशिवाय यूजरमॉड बाकीचे सगळे गट काढून टाकतं, त्यात सुडोही आला, आणि रूटला तर तुम्ही आधीच कुलूप घातलंय.